पेरणे

मंगळवारी संध्याकाळी, शाळेतल्या छोट्या खुर्च्यांवर
आम्ही नऊ मोठी माणसं गुडघे मुडपून बसतो.
खिडकीबाहेर मार्चमधला मळका बर्फ,
पार्किंगमध्ये माझी पिवळी बस.
अर्ला डॉक्सटेटर, वय एक्याऐंशी,
फळ्याकडे न बघता क्रियापद देते: पेरणे.
एकच. महिनाभर पुरेल, म्हणते.

क्यंथोस. मी पेरतो.
आत्ता मुठीत बी आहे, असंही;
दर वर्षी पेरतो, माझी रीतच ती, असंही.
"मग नेमकं कुठलं?" क्विन अँटोन विचारतो. सतराचा आहे, घाई आहे.
"तुझे हात बघून कळेल."

मग पुढचे काळ. इंग्रजीत जन्मभर
आधी मीच दाराबाहेर पडत आलो,
काळ मागून बूट शोधत यायचा.
इथे काळ पुढे उभा, दार धरून.
मग माणूस. मग काम.
वा’: झालं.
अं: होणार.
आ: व्हावं, व्हायला हवं,
आणि झालं असतं तर.
(या शेवटच्यापाशी बराच वेळ कुणी बोललं नाही.
हीटर तेवढा खडखडत होता.)

"अंक्यंथो," मी म्हणतो. मी पेरीन.
"भविष्य तोंडातून काढतोस," अर्ला म्हणते,
"नाकातून काढ."
सगळे हसतात. मीही, नाकातून.

वक्यंथू. पेरून झालंय.
इथे ‘मी’सुद्धा तोच राहत नाही.
बी टाकणारा जातो, आणि त्याच्या जागी येतो
ताप भरलेला ‘मी’, झोप लागलेला ‘मी’,
ज्याला काहीतरी होतं, तो.
"केलेलं काम उलटून आपल्याला धरतं,"
असं म्हणून तिने उजवा हात वर केला.
दोन बोटं सरळ होत नाहीत.
एवढं समजावून ती चहा ओतायला गेली.

घरी आईची एक कॅसेट आहे.
स्वयंपाकघर, किटली, कुणाचं तरी कुत्रं,
आणि आई तिच्या आईबद्दल सांगतेय.
अकरा वर्षं ऐकतोय. एवढं एक वाक्य कळायचं:
येयंथोस. ती पेरते.
बरं वाटायचं. नदीकाठच्या त्या पट्ट्यात
आजी पांढरा मका पेरतेच आहे, वाकून, अजून.

काल शेवटच्या मुलाला उतरवलं, इंजिन बंद केलं,
आवाज पूर्ण वाढवला, आणि येयंथोसच्या मागे
एक श्वास ऐकला.
क्वे.
पेरायची.

जानेवारीतच शिकवलं होतं अर्लाने:
वाक्य संपताना शेवटचं अक्षर
गळ्याने म्हणायचं नाही, नुसत्या हवेने म्हणायचं.
वहीत लिहून घेतलंय मी, खाली रेघही मारलीय.
आमच्या भाषेत गेलेलं माणूस
इतक्या हळू सांगतात, हे मात्र लिहिलं नव्हतं.

आज वर्गानंतर तिला सांगितलं.
कोटाचं बटण लावत ती म्हणाली,
"पुढे अजून शब्द असते
तर तेच अक्षर मोठ्याने आलं असतं.
मर्सीला तिथेच थांबायचं होतं."
मग म्हणाली, उद्या रस्ता गोठेल,
पुलावर हळू चालव.

आता बसमध्ये बसलोय. चाळीस रिकाम्या सीट.
कॅसेट आईच्या वाक्यावर आणली,
किटली, कुत्रं, येयंथोस,
आणि तिचा श्वास संपायच्या आत
माझा शब्द लावून टाकला:
अंक्यंथो.
नाकातून. बरोबर आला, बहुतेक.
शेवटचा ‘थो’ मात्र नुसती हवा होता,
समोरच्या काचेवर वाफ होऊन बसला.

मी वायपर लावला.
वाफ आतून होती.